ओटा मागायला गेले ती संध्याकाळ

भिंगारला आमच्या भाड्याच्या खोल्यांपुढे शहाबादी फरशीचा ओटा होता. ऊन उतरलं की त्यावर बादलीभर पाणी मारायचं आणि शेजारच्या भाभीबरोबर बसायचं, दिवे लागेपर्यंत. हातांना मेथी निवडायला, तोंडाला येणारा-जाणारा.

नव्वदनंतर आम्ही शहराच्या दुसऱ्या टोकाला प्लॉट घेतला. यांची नोकरी नागापूरच्या कारखान्यात, त्यामुळे कर्ज मिळालं. आर्किटेक्टने नकाशा दिला. त्यात सगळं होतं, संडाससुद्धा दोन. फक्त ओटा नव्हता. हे म्हणाले, "एवढ्या शिकलेल्या माणसाला आपण काय सांगायचं?"

तेवढ्यात त्याच आर्किटेक्टच्या ऑफिसातून बोलावणं आलं, घर बांधणाऱ्या सगळ्यांनाच. पुण्याचे एक बडे आर्किटेक्ट पाहुणे म्हणून येऊन भिंतीवर घरांची चित्रं दाखवून बोलणार आणि मग वाइन चाखायची.

"वाइन म्हणजे दारूच ना गं?" हे म्हणाले.

"चाखायची आहे, प्यायची नाही. चला." मला ओटा मागायचा होता.

पाहुणे बोलले मात्र छान. घर दारापाशी संपत नाही, रस्त्याला जाऊन भेटतं, असं काहीतरी. मी इतकी मान डोलवली की यांनी कोपर मारलं. मग वाइन आली. काचेचे ग्लास पुरुषांपुरतेच निघाले. आम्हा बायकांना स्टीलचे पेले. "रंग उजेडात धरून बघा," पाहुणे म्हणाले. आम्ही आपल्या पेल्यात डोकावलो. माझ्या शेजारच्या बाईंनी तळहातावर चार थेंब घेतले, तीर्थासारखे, आणि ओला हात डोक्यावरून फिरवला. मग त्यांच्याच लक्षात आलं आणि पदर तोंडाला लावून हसत बसल्या.

नंतर वास घेऊन काय आठवतं ते सांगायचं होतं. कोणी जांभूळ म्हणालं, कोणी खोकल्याचं औषध. माझी पाळी आली. तो वास मला खरंच ओळखीचा होता.

"तापलेल्या फरशीवर पाणी मारलं की येतो तसा," मी म्हटलं. "आमच्या ओट्यावर येतो. तुमच्या नकाशात तो नाही."

सगळे हसले. आमचे आर्किटेक्ट म्हणाले, "काकू, तिथे पुढेमागे तुमची गाडी लागेल."

"आमची लुना आहे हो. ती काय, पायरीलाही टेकून राहील."

पाहुण्यांनी आमच्या आर्किटेक्टकडे नुसतं बघितलं. तशी आर्किटेक्टनी खिशातली पेन्सिल काढली आणि तिथेच कागदावर ओटा काढला, दोघींना ऐसपैस होईल असा. बांधलाही तसाच, शहाबादी फरशीचा.

घर झाल्यावर भाभीला जेवायला बोलावलं. संध्याकाळी मी पाणी मारलं, दोघी बसलो. समोर प्लॉटच प्लॉट, तारेची कुंपणं, लांबवर एक बंद फाटक. मेथीची जुडी निवडून झाली. मग ती म्हणाली, "यां से तो कोई जाताच नै. बातां किसकी करना?"

दोघी पुष्कळ हसलो. नंतर तिला रिक्षात बसवून दिलं. मग तिच्या मुलाची बदली झाली, ती त्याच्याबरोबर गेली.

मी अजून पाणी मारते. वास तोच येतो. आत बसून हे हाक मारतात, "अगं, ये आता, डास फोडून काढतील."

"थांबा हो," मी म्हणते. "आधी कोणीतरी जाऊ दे इथून."