पुसलेला डब्ल्यू

इरा, चिन्मय — आज जे सांगायला बसले आहे ते मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. तुमच्या आजोबांना नाही, त्यांच्या शेवटच्या आजारपणातही नाही. तुमच्या आईला तर नाहीच. तुम्हांला मराठी वाचायला अजून तिची मदत लागते, म्हणजे हे आधी तीच वाचणार. हे मला कळतं. कळूनच लिहिते आहे.

आताच का? कारण गेल्या रविवारी इराने मला फोनवर एक साधा प्रश्न विचारला आणि मी त्याचं खोटं उत्तर दिलं. इरा, तुझी शाळेच्या बास्केटबॉल संघात निवड झाली. आमच्या जुन्या कॉलेजने इंटरनेटवर खेळाडू मुलींची यादी टाकली आहे, ती तू पाहिलीस. त्या-त्या वर्षी सगळ्यांत जास्त गुण करणाऱ्या मुलीचं नाव. तू विचारलंस, आजी, खरंच मम्मा सगळ्यांत पुढे होती? मी म्हटलं, हो. तू हसत मागे वळलीस, आईला इंग्रजीत काहीतरी सांगितलंस, आणि फोनचा पडदा काळा झाला. रायपूरच्या शंकर नगरमधल्या या घरात रविवारचा तुमचा फोन झाला की मग बोलायला कोणी नसतं. आपलंच उत्तर आपल्या कानात राहतं.

मी तुम्हांला आधी दुसरंच सांगते. मुद्द्यावर यायला मला वेळ लागतो — लागू द्या.

माझ्या नीटनेटकेपणाची तुम्ही थट्टा करता. डब्यांवर चिकटवलेली नावं, विजेची बिलं महिन्यावार लावलेली. कॉलेजातही मी अशीच होते. मुलींच्या कॉलेजात इंग्रजी शिकवायचे, आणि हजेरीपासून परीक्षेच्या गुणांपर्यंत माझ्या आकड्यांवर कोणी दुसऱ्यांदा नजर टाकत नसे. म्हणून खेळाच्या सरांनी एकदा मला सामन्याची गुणनोंद करायला बसवलं, आणि मग ते टेबल माझंच झालं. खेळातलं मला काही कळत नव्हतं. शिकले. कोणी टाकला, कुठून टाकला, किती गुण — सगळं पेन्सिलीने, बारीक अक्षरात.

अडचण एकच होती. आमच्याकडे जर्सीचा एकच जुना संच होता. जिच्या अंगाला जी बसेल ती तिने घालायची, त्यामुळे पाठीवरच्या आकड्याचा भरवसा नव्हता. आज सात नंबरात ही, उद्या ती. मग मी आकडा सोडला आणि इंग्रजी आद्याक्षरं लिहायला लागले. तुमची आई नीता देशकर — एन. डी. आणि निर्मला देवांगन हीसुद्धा एन. डी. दोघींत घोळ नको म्हणून निर्मलापुढे तिच्या आडनावातला डब्ल्यू लहानसा जोडायचे. एवढाच फरक. धावपळीत हात वेगाने चालायचा, पण तो डब्ल्यू मी कधी विसरले नाही. हे लक्षात ठेवा. मी विसरले नाही.

सामना संपला की मी मुलींना एकेक करून टेबलाशी बोलवायचे आणि तिचे गुण तिला वाचून दाखवायचे. तिने मान डोलावली की पुढची. मुली त्याला मैडम की हाज़िरी म्हणायच्या. माझ्या पाठीमागे माझी नक्कलही करायच्या, चष्मा नाकाच्या टोकावर आणून. निर्मला उत्तम करायची म्हणे.

निर्मला कशी होती? उंच नव्हती. डावखुरी होती, आणि तिचा हात कुठून येईल ते समोरच्या मुलीला कळायचंच नाही. बोलायची कमी. नीताची ती जोडीदार होती. नीताच्या निम्म्या बास्केटांच्या आधी चेंडू निर्मलाच्या हातातून आलेला असे. पण चेंडू कोणी दिला त्याचा रकाना आमच्या कागदावर नव्हताच, आणि तो आखावा असं मलाही सुचलं नाही. घरी ती आमच्याकडे यायची. चौबे कॉलोनीतलं आमचं ते दोन खोल्यांचं घर तुम्ही पाहिलेलं नाही. नीता माझ्याशी नागपुरी मराठीत, निर्मलाशी हिंदीत, आणि दोघी मिळून मला हसायच्या त्या छत्तीसगढीत. माझ्या हातचं वरण-भात-तूप निर्मला मन लावून खायची आणि उठताना ताट स्वतः घासायची. मी नको म्हणायचे. पण थांबवलं कधी नाही — हेही आत्ता लिहिताना दिसतंय.

तिने मला स्वतःहून एक गोष्ट सांगितली होती. वडील नव्हते. मोठ्या भावाने मुदत दिली होती: विद्यापीठाच्या संघात गेलीस तर त्या प्रमाणपत्रावर खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी लागेल, तोपर्यंत शीक. नाही लागली तर लग्न. हे ती सहज बोलली होती, पाण्याची बाटली माझ्या टेबलावर टेकवून. म्हणजे मला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं असं मला कधीच म्हणता येणार नाही.

त्या वर्षी विद्यापीठाच्या संघनिवडीच्या शिबिराला आमच्या कॉलेजातून एकच नाव जायचं होतं. सरांना दोघी सारख्याच वाटत होत्या. ते मला म्हणाले, आपके आँकड़े में जो ऊपर, वही जाएगी, मैडम. त्यांनी हा निर्णय माझ्यावर सोपवला नव्हता. माझ्या कागदावर सोपवला होता. दोन्हींत फरक आहे ना?

शेवटचा सामना झाला. मी वर्षभराच्या गुणांची बेरीज केली. निर्मला थोडक्यात पुढे होती.

दुपारची वेळ होती, स्टाफरूममध्ये कोणी नव्हतं. पुन्हा बेरीज केली. तीच आली. मग मी रबर घेतलं आणि त्या शेवटच्या सामन्याच्या पानावर काही ठिकाणी तो लहानसा डब्ल्यू पुसला.

बस. एवढंच केलं. नवीन काही लिहिलं नाही. एकही आकडा बदलला नाही. फक्त एक बारीक अक्षर पुसलं, तीन-चार जागी, आणि निर्मलाच्या बास्केटा नीताच्या झाल्या. कागदावर डागसुद्धा पडला नाही, कारण माझी पेन्सिल नेहमीच हलक्या हाताने चालायची.

का केलं? मी स्वतःला पुष्कळ उत्तरं दिली आहेत. नीता माझी एकुलती एक होती. आजोबा रेल्वेच्या ड्यूटीवर सतत बाहेर, तिच्यासाठी मैदानावर टाळी वाजवणारं माझ्याशिवाय कोणी नव्हतं, आणि मी तर टेबलावर — मला टाळी वाजवायची सोय नव्हती. निर्मलाला पुढल्या वर्षी संधी मिळेल. ही उत्तरं मी वर्षानुवर्षं घासूनपुसून ठेवली. पण रबर हातात असताना जे मनात आलं होतं ते यातलं काहीच नव्हतं. मनात आलं होतं — हिचं काय, हिचं आज ना उद्या लग्नच होणार आहे. हे मी, जी वर्गात मुलींना शिका, स्वतःच्या पायावर उभ्या राहा म्हणून सांगायची.

त्या सामन्याची हाज़िरी राहिली होती, ती दुसऱ्या दिवशी घेतली. न घेता चाललं असतं, पण माझी पद्धत होती. निर्मला टेबलाशी आली. मी तिचे गुण वाचले, कमी झालेले. तिने कागदाकडे बघितलं, मग पलीकडे बुटाची नाडी बांधत बसलेल्या नीताकडे. मी विचारलं, "ठीक है ना, निर्मला?"

"हव, मैडम," ती म्हणाली.

चेंडूंची जाळी खांद्यावर टाकून खोलीत ठेवायला गेली.

या 'हव'वर मी किती वर्षं काढली ते तुम्हांला कसं सांगू? हव म्हणजे हो. तिने हो म्हटलं. तिला दाखवलं होतं, विचारलं होतं, तिने हो म्हटलं — मग चूक कोणाची? मन खायला लागलं की मी तो शब्द पुढे करायचे. पण मी काय रायपुरात काल आले होते? अमरावतीहून लग्न करून आले त्याला तेव्हाच कितीतरी वर्षं झाली होती. इथली मुलगी मोठ्या माणसाला हव म्हणते ते ऐकलं आहे एवढंच सांगायला. पटलं म्हणून नाही. भाजीवाली हव म्हणते आणि भाव कमी करत नाही. कामवालीला उद्या ये म्हटलं की हव म्हणते आणि सुट्टी घेते. सगळीकडे मी तो शब्द बरोबर ओळखायचे. त्या एका दिवशी मात्र मी त्याचा शब्दकोशातला अर्थ घेतला.

तिला कळलं होतं का? की मैडमची बेरीज चुकली असेल, पण मैडमला कसं सांगायचं, असं वाटलं? मी विचारलं नाही.

माझ्या आकड्यांचं ऑफिसात टाईप झालेलं, मी सही केलेलं पान नीताने पाहिलं तेव्हा ती चकित झाली. नीता — हे वाचते आहेस ना? तू म्हणालीस, "आई, माहे इतके झाले?" मी म्हटलं, मी मोजलेत. तू म्हणालीस, "तू मोजले, मंग बरोबरच असन." तू खोटेपणात कुठेच नव्हतीस. तू फक्त माझ्यावर विश्वास ठेवलास.

नीता शिबिराला गेली, संघात आली. आजोबांनी गावी पत्र टाकलं की पोट्टीनं नाव काढलं. हळदीकुंकवाला बायका मला विचारायच्या आणि मी नको-नको म्हणत सगळं सांगायचे. त्या प्रमाणपत्रावर पुढच्या कॉलेजात प्रवेश, तिथून पुढे ती तुमच्या देशात गेली, तुमचे बाबा भेटले, तुम्ही झालात. मी असं म्हणत नाही की तुम्ही नसता. पण इथून तिथपर्यंत रस्ता सलग आहे, आणि मी तो उलटा चालून पाहिला आहे.

निर्मला उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर कॉलेजात आली नाही. भावाने तिचं लग्न धमतरीकडे करून दिलं. पत्रिका आली होती. मी साडी पाठवली, गेले नाही.

पुढे एकदा भेटली, तेलीबांधाच्या तळ्यावर. मी संध्याकाळची फिरत होते. एक बाई समोरून आली आणि थेट पायाशी वाकली. ओळखायला मला वेळ लागला. ती फार थकलेली दिसत होती, आणि हसताना मात्र तीच. नीता दीदी कैसी है, अजून खेळते का, मुलं किती — सगळं विचारलं. मीच तिला काही विचारेना. मग तिने नवऱ्याला बोलावून माझी ओळख करून दिली, "ये हमारी मैडम हैं। इनका हिसाब कभी गलत नहीं होता था।"

तिच्या चेहऱ्याकडे मी बघितलं. टोमणा होता? कौतुक होतं? मला आजही सांगता येत नाही. सांगायची जागा तीच होती, वेळही होती, तळ्यावर गर्दीसुद्धा नव्हती. मी म्हटलं, खुश रहो. आणि पुढे चालू लागले. चांगली भरभर.

रविवारी इराला हो म्हटलं, तेव्हा निर्मला आणि नीतानंतर माझं खोटं ऐकणारी ती तिसरी.

सोमवारी मी रिक्षा करून कॉलेजात गेले. मला ओळखणारं तिथे कोणी उरलेलं नाही. यादी करणारी खेळाची मैडम तरुण आहे, फार गोड बोलते. तिला सगळं सांगितलं — नाव, वर्ष, शेवटचा सामना, रबर. म्हणजे कोणाला नाही असं वर लिहिलं ते अगदी खरं नाही. पण तिने ते ऐकलं असं मला म्हणवत नाही. तिने कपाटातून ते टाईप केलेलं पान काढलं. पेन्सिलीची मूळ पानं कधीच रद्दीत गेली होती. ती म्हणाली, "मैडम, कागज़ तो यही कह रहा है। और दस्तखत भी आपके हैं।" मग तिने माझं वय विचारलं, घरी कोण आहे विचारलं, पाणी दिलं, आणि हात धरून मला रिक्षापर्यंत सोडलं. रिक्षावाल्याला म्हणाली, भैया, आराम से ले जाना.

धमतरी इथून लांब नाही. मी गेलेले नाही. निर्मलाचा पत्ता काढणं अवघड नव्हतं. मी काढला नाही. यालाही कारण देत नाही.

यादी आहे तशीच आहे. त्या वर्षापुढे नीता देशकर लिहिलं आहे. निर्मला देवांगन हे नाव यादीत कुठेच नाही.