चान्सची धून

आमच्या कुरुसे गावात एकच सलून आहे आणि ते चिनात्सु ओगुरा चालवते. दर दुसऱ्या शनिवारी गोदाई तिथे येऊन खुर्चीत बसतो. त्याच्या डोक्यावर आता भादरण्यासारखं काही उरलेलं नाही. तरी चिनात्सु त्याच्या गळ्याभोवती कापड बांधते, मशीन फिरवते आणि वर पैसेही घेते. गावात नवीन आलेले लोक हसतात. हसू देत. हे सगळं आमच्या हायस्कूलच्या बँडपासून सुरू झालं, आणि त्या बँडची ट्रम्पेट मी होते.

बँड म्हणजे आम्ही पाच जणी. शाळाच एवढीशी, की सगळी मुलं एका बसमध्ये मावायची. क्लबची जबाबदारी गणिताचे शिक्षक होरी सेन्सेई यांच्याकडे होती. त्यांना सूर आणि बेसूर यांतला फरक कळत नसे, पण ताल द्यायची छडी मात्र झोकात हलवायचे. खरा कारभार चिनात्सुचा. ती आमची कप्तान, आणि वाजवायची मोठा ढोल. उंचीला इतकी बेताची, की समोरून पाहिलं तर ढोलालाच पाय फुटलेत असं वाटायचं. नाकावर माशी बसू द्यायची नाही. सराव चुकला की धाकट्या मुली रडवेल्या व्हायच्या, आणि तीच मग त्यांना वडिलांच्या सलूनमध्ये नेऊन थंडगार दूध पाजायची.

बेसबॉलचा संघ आमच्याहून गरीब. आमची चार पोरं आणि शेजारच्या दोन शाळांची पाच, असं तीन गावांचं कडबोळं. बेसबॉलच्या रिवाजाप्रमाणे सगळ्यांची डोकी तासलेली, आणि ती तासायची चिनात्सु, वडिलांच्या हाताखाली. खुर्चीत बसलेल्या पोराच्या डोक्यावर ती बोटांनी ताल धरायची आणि दम भरायची, "या उन्हाळ्यात दुसऱ्या बेसपर्यंत पोहोचला नाहीत, तर पुढच्या वेळी भुवयासुद्धा काढीन."

दुसरा बेसच का, ते सांगते. स्पर्धेत आपली पोरं बॅट धरून उभी असतील तेव्हाच बँडने वाजवायचं. समोरच्यांची पाळी आली की वाद्यं मांडीवर आणि तोंड बंद. प्रत्येक फलंदाजाची आपली धून असते. पण त्या सगळ्यांवरची एक असते, चान्सची धून. आपला गडी दुसऱ्या बेसवर पोहोचला, म्हणजे अर्धी फेरी झाली, आता एक फटका बसला की तो धावत घरी, निघाला त्या बेसवर, येऊन धाव काढणार, तेव्हाच ती काढायची. चिनात्सुने शाळेत पाऊल ठेवल्या ठेवल्या आमच्यासाठी अशी एक धून रचली होती. तिने गुणगुणायची आणि मी ट्रम्पेटवर शोधायची, असं करत सगळा पावसाळा गेला. काय धून होती! सुरुवातीला ढोल एकटाच, मग आम्ही चौघी एकदम तुटून पडायचो, आणि शेवटी सूर असा वर चढायचा की माझ्या अंगावर काटा यायचा.

आणि ती एकदाही वाजली नव्हती. पहिल्या वर्षी आमचा एकही गडी दुसऱ्या बेसवर गेला नाही. दुसऱ्या वर्षी एक गेला, पण आम्ही वाद्यं तोंडाला लावेपर्यंत बाद होऊन परतही आला. शेवटच्या वर्षी धाकट्यांपैकी एक (त्या आम्हा थोरल्यांना सेनपाई म्हणायच्या) भीत भीत म्हणाली, "सेनपाई, एकदा असंच वाजवू या ना. कुणाला कळतंय?"

"असंच?" चिनात्सु म्हणाली. "नवरा नाही, नवरी नाही, आणि वरात काढतेस? ती धून धाव आणायला आहे. धाव आली की मगच ती झाली."

उन्हाळी स्पर्धा संपली की शेवटच्या वर्षाची मुलं क्लबातून बाहेर पडतात आणि प्रवेश परीक्षांना जुंपतात. त्यामुळे आमच्यासाठी आता नाहीतर कधीच नाही असं होतं.

सामन्यांच्या चिठ्ठ्या निघाल्या, त्यात समोर आलं मिनामिझाका. मोठं शहर, मोठी शाळा, आणि त्यांचा बँड बघूनच माझ्या तोंडचं पाणी पळालं. त्यांच्या नुसत्या ट्रम्पेटवाल्याच आम्हा सगळ्यांहून जास्त. आमचा ढोल चिनात्सुच्या वडिलांनी छोट्या ट्रकमधून, कापलेल्या केसांच्या पोत्यांशेजारी आणला होता. ऊन असं की पितळ हाताला चटके देत होतं. तरी मला इतका आनंद होत होता की पाय एका जागी ठरेनात.

पोरांनी मात्र सपाटून मार खाल्ला. पाचव्या डावापर्यंत दहा शून्य. दहांनी मागे असलं की पाचव्याच डावात सामना संपवतात, त्यामुळे आता एक तरी धाव हवी, नाहीतर गावाची वाट. पहिले दोघे बाद झाले; तिसरा गेला की डाव खलास. होरी सेन्सेईंनी घाम पुसायला छडी खाली ठेवली. तिसऱ्याला गोलंदाजाने चेंडू बाहेर टाकून फुकट पहिला बेस दिला, आणि पुढचा एक चेंडू त्यांच्या क्षेत्ररक्षकाच्या हातून असा सुटला, की आमचा गडी धूळ उडवत दुसऱ्या बेसवर.

क्षणभर आम्हाला कळेचना. मग चिनात्सु माझ्याकडे बघून ओरडली, "मोमो! चान्स!" आणि ढोलावर पहिला ठोका पडला.

आम्ही वाजवली. पाचच जणी, पण जीव तोडून. समोरचा अख्खा बँड माना वळवून बघायला लागला. बॅट घेऊन उभा होता गोदाई, मासळीच्या वड्या विकणाऱ्यांचा मुलगा, शाळेतला सर्वांत वाचाळ पोरगा. पहिला चेंडू मधोमध आला. गोदाई हलला नाही. दुसरा त्याहून सोपा. गोदाई तसाच. आमच्या पोरांचे प्रशिक्षक टोपी आपटत ओरडायला लागले, "मार रे! झोपलास का?" आम्ही शेवटच्या चढापर्यंत आलो, सूर वर गेला, धून पुरी झाली. तेव्हा कुठे गोदाईने बॅट उचलली आणि तिसऱ्या चेंडूला वाऱ्यात फिरवली. तीन हुकले की बाद. सामना संपला.

स्टेडियमच्या मागे गोदाई डोळे पुसत आला. चिनात्सु ढोलाचा पट्टा सोडत होती.

"पुरी झाली ना?" तो म्हणाला.

"काय पुरी झाली?"

"तुझी धून. तीन वर्षं थांबलीस. मध्येच फटका मारला असता तर तुटली असती. म्हणून म्हटलं, आधी होऊ दे."

चिनात्सुचा चेहरा मी आजही विसरलेले नाही. "मूर्खा," ती म्हणाली, "ती मारण्यासाठी आहे रे! ऐकण्यासाठी नाही! तुला कुणी सांगितलं होतं ऐकायला?" आणि ती ढोलावरच डोकं टेकून रडायला लागली. मला गोदाईचा राग आला होता आणि हसूही येत होतं, दोन्ही एकदम.

रीत अशी, की हरलेल्या संघाने आपल्याला शुभेच्छा म्हणून मिळालेल्या कागदी बगळ्यांच्या माळा जिंकलेल्यांना द्यायच्या, म्हणजे आपली इच्छा त्यांच्याबरोबर पुढे जाते. आमची पोरं माळा देऊन परतली, तशी त्यांच्यामागून मिनामिझाकाच्या बँडची कप्तान आली. चष्मेवाली, उंच, मोठ्या अदबीची. ती कमरेतून वाकली आणि म्हणाली, "ती शेवटची धून आम्हालाही द्याल का? आमचा गोलंदाज म्हणतो, त्या ढोलाने त्याच्या काळजाचं पाणी झालं होतं."

"तिने धाव आणली नाही," चिनात्सु नाक ओढत म्हणाली.

"मग आम्ही आणून दाखवू का?"

चिनात्सुने तिला नखशिखांत न्याहाळलं. मला वाटलं, आता हिला फाडून खाते. तिने सोडलेला पट्टा पुन्हा गळ्यात अडकवला आणि म्हणाली, "नीट ऐक. पहिले चार ठोके एकटे." तिथेच, गाड्यांच्या तळावर, तिने ती अख्खी पलटण उभी केली आणि धून शिकवली. एवढ्या मोठ्या शाळेची मुलं, पण चुकलं की तिने त्यांनाही झापलं. त्यांचे सेन्सेई बस थांबवून घड्याळ बघत होते. धून बसली तेव्हा तळाशेजारच्या सरबतवाल्या काकूंनी टाळ्या वाजवल्या.

गोदाईशी मात्र तिने अबोला धरला. क्लबातून सुटलेली पोरं लगेच केस वाढवायला लागतात, एवढीच तर चैन. पण गोदाई नेहमीच्या शनिवारी सलूनमध्ये येऊन खुर्चीत बसला.

"सुटलास ना? वाढव की," चिनात्सुचे वडील म्हणाले.

"चिनात्सु बोलत नाही तोवर नाही वाढवणार."

चिनात्सुने वडिलांच्या हातातून मशीन घेतलं आणि त्याचं डोकं सटासट तासलं. भुवया ठेवल्या. कापड झटकताना आरशाकडे बघत म्हणाली, "उद्या त्यांचा सामना आहे. सकाळच्या गाडीने ये. मोमोपण येतेय."

आम्ही तिघं मिनामिझाकाच्या बाजूला अगदी वरच्या पायरीवर बसलो. सामना अटीतटीचा, एकएकची बरोबरी. सातव्या डावात त्यांचा गडी दुसऱ्या बेसवर पोहोचला, तशी चिनात्सुने माझा हात असा दाबला की कळ आली. खाली चष्मेवालीने हात वर केला. चार ठोके, एकटे. आणि मग अख्ख्या बँडचं पितळ एकदम फुटलं. आमची धून! कुरुसेच्या डोंगरातल्या पाच पोरींची धून तिथे आभाळाला भिडत होती, आणि मी उभी राहून काय ओरडत होते ते माझं मलाच माहीत नाही.

फलंदाजाने पहिल्याच चेंडूला बॅट घातली. चेंडू दोघांच्या मधून सुसाट पळाला. गडी धुळीत घसरत घरी पोहोचला. धाव! धून तिथेच तुटली आणि जल्लोषाचे सूर सुरू झाले.

चिनात्सु दोन्ही तळव्यांनी गोदाईच्या तासलेल्या डोक्यावर ताल बडवत होती. "बघितलंस? बघितलंस? अशी असते ती! पहिल्या चेंडूला मारायचं!" तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती.

गोदाई मुकाट्याने मार खात बसला. मग म्हणाला, "हो. पण त्याला शेवट नाही ऐकायला मिळाला."

तिचे हात थांबले.

"पुढेही कुणाला मिळणार नाही," तो म्हणाला. "जो नीट मारेल त्याच्यासाठी ती मध्येच तुटणार. तिथे उभं राहून पुरी ऐकलेला मी एकटाच. शेवट फार छान आहे, चिनात्सु."

 चिनात्सुने तळवे पुन्हा त्याच्या डोक्यावर ठेवले आणि हलक्या हाताने, जिथे तुटली होती तिथून शेवटापर्यंत, ती धून वाजवून पुरी केली.