नाइटमेअरची हडळ आणि माझा अडकित्ता

मी चौथीपर्यंतच शिकलो. तरी एका इंग्रजी शब्दाचं मूळ मला पक्कं ठाऊक आहे, आणि त्याच्याच जोरावर मी माझी मुलगी पनवेलात राखली.

नवीन पनवेलात इमारती उभ्या राहत होत्या तेव्हाची गोष्ट. जावयाने तिथे ब्लॉक घेतला. मुलगी हाकेवर आली म्हणून मी खूश. पण थोड्याच दिवसांत जावई घोकू लागला, "इथे झोप लागत नाही, परत दादरला जाऊ." मुलगी रडवेली होऊन सांगत आली. मी तडक तिच्या घरी.

जावई चहा पीत बसलेला, डोळे सुजलेले.

"काय व्हतंय, जावईबापू?"

"मामा, रोज नाइटमेअर येतं."

"कुठून येतं?"

"वाईट स्वप्न हो! छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतं."

जावई कचेरीतला, त्याला समजावून सांगायची भारी हौस. म्हणाला, नाइट म्हणजे रात्र. मेअर म्हणजे घोडी, पण ही ती नव्हे. जुन्या काळी इंग्रज मानायचे की मेअर नावाची हडळ झोपलेल्याच्या छातीवर येऊन बसते.

"मंग ही आमचीच की! तिला उपाय हाय. उशीखाली लोखंड."

"मामा, ही अंधश्रद्धा झाली."

"सायबानं मानली तं शब्द, आमी मानली तं अंधश्रद्धा?"

मी चंचीतला अडकित्ता काढून त्याच्या उशीखाली सारला. मुलगी हळूच म्हणाली, "बाबा, हे रात्री वालाचं बिरडं ताटभर खातात, त्यानं असेल." मी तिला गप्प केलं. बिरडं आमच्याच घरून जात होतं.

दुसऱ्या सकाळी पुन्हा गेलो. जावयाचा एक कान लालबुंद.

"मामा, तुमच्या अडकित्त्याने कान धरला माझा!"

"आन हडळ?"

त्याने कान चोळला. मग म्हणाला, "नाही आली."

त्यानंतर दादरचं नाव निघेना, पण माझा अडकित्ताही परत येईना. मी सुपारी वरवंट्याने फोडू लागलो. निम्मी तोंडात, निम्मी कपाटाखाली. शेवटी मागितला, तर जावई म्हणतो कसा, "न्या की, मामा. दादरला एक जागा रिकामी आहेच."

मी चहा पिऊन उठलो. बाजारात अडकित्ते ढीगभर मिळतात. पण मी का घेऊ? माझा आहे ना चांगला, जावयाच्या उशीखाली.