रिकामी बरणी

आमच्या बुधवारा मोहल्ल्यात भेटायला येणारे लोक आधी आजार पाहतात, मग माणूस. माझ्या पित्ताशयाचं ऑपरेशन झालं आणि त्यातून निघालेले खडे आमच्या यांनी काचेच्या बरणीत घालून टीव्हीशेजारी मांडले. पाहुणा चपला काढतो न काढतो तोच बरणी त्याच्या हातात. खडे केवढे, रंग कसा, हलवल्यावर वाजतात कसे, सगळं हे सांगायचे. खाटेवरची मी म्हणजे फक्त खड्यांची पूर्वीची मालकीण.

पण टाके सुकायच्या आत पोटातून बाहेर आणलेल्या नळीच्या पिशवीत पित्त उतरायला लागलं. आत गळती होती. ती थांबली नाही तर पोट उघडावं लागेल, असं इंदूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, आणि तोंडावाटे दुर्बीण घालून पित्ताच्या वाटेत एक बारीक स्टेंट बसवला. पित्ताला सरळ वाट मिळाली की गळकी जागा भरून येते म्हणे. प्लॅस्टिकचा असता तर काढायला पुन्हा घशातून दुर्बीण. हा आपोआप विरघळणारा होता. मी मनातल्या मनात देवाला हात जोडले. यांचं तोंड मात्र उतरलं.

"म्हणजे डॉक्टरसाहेब, हातात काहीच नाही येणार?"

डॉक्टर नाही म्हणाले. तरी घरी आल्यावर यांनी दुसरी बरणी धुऊनपुसून पहिलीच्या शेजारी ठेवलीच. एखादा तुकडा निघालाच तर?

तोवर दाखवायला पिशवी होती. रोज सकाळी हे ती उजेडात धरून रंग जाहीर करायचे. पाहुणे दराबा, आमच्याकडची तुपातली मिठाई, आणायचे. मला तुपाची मनाई, म्हणून तो हे संपवायचे आणि तोंड पुसत मला पथ्याचं महत्त्व सांगायचे. एका शेजारणीनं तिच्या जावेचंही अस्संच झालं होतं म्हणून सांगितलं. जाऊ आता कशी आहे विचारलं, तर तिनं विषय बदलून चहा मागितला. त्या दिवसांत मी सगळ्यांवर खेकसत होते. खरं तर मला फार भीती वाटत होती.

मग पिशवी कमी कमी भरू लागली आणि एके सकाळी कोरडी निघाली. पोटातली नळी काढली. पुढे काही महिन्यांनी पोटाचा फोटो काढला तेव्हा स्टेंटही विरघळून गेला होता, आणि गळतीचं नाव नव्हतं.

त्याच संध्याकाळी डोईफोडियाहून यांचे मामा केळीची फणी घेऊन आले. खड्यांची बरणी पाहून झाली. मग त्यांनी शेजारच्या बरणीकडे बोट केलं.

"अन् हिच्यात काय आहे रे?"

यांनी बरणी उचलली, झाकण काढून मामांपुढे धरली.

"देखा मामा. काहीच नाही." पाहुण्यासमोर हा माणूस अडखळलेला मी पहिल्यांदाच पाहिला. मग हळूच म्हणाले, "वाचली ही."

मामांनीही बरणीत वाकून नीट पाहिलं. स्वयंपाकघरात मी चहाचं आधण ठेवलं होतं, ते उतू गेलं तरी मला कळलं नाही.

लोणच्यासाठी ती बरणी मी नंतर मागून पाहिली. देत नाहीत.