ओटीपीचा फोन

मार्चमध्ये वारलेल्या हरिश्चंद्र तांडेलांना मी खरं तर फारसा ओळखत नव्हतो. बोटीवरची नोकरी संपवून ते देवबागला एकटेच राहत. दर जुलैत माझ्याकडे येत आणि मी कॉम्प्युटरवर त्यांचं आयकर रिटर्न भरून देई. आधारला मुंबईतल्या मुलाचा, विनीतचा नंबर होता, म्हणून ओटीपी त्याच्याकडे जाई. ते फोन लावत. सहा आकडे सांगून विनीत लगेच फोन ठेवी.

गेल्या वर्षी मी म्हटलं, "आधाराक तुमचोच नंबर जोडून घेवा, त्रास वाचतलो."

"नको रे. मगे तेका फोन कित्याक करू?"

मीही एकटाच राहतो. नंबर तोच राहू दिला.

उठताना त्यांनी विचारलं, "पुढल्या वर्षाक हेच कागद लागतले?"

"होय, हेच."