दादा नसलेली बाग

वाटणीआधी आमच्या आंब्याच्या बागेचे मी ओळीनं फोटो काढले. ते जोडून एकच लांब चित्र करायला दोन सॉफ्टवेअर वापरून पाहिली. फोटो काढताना दादा, माझा थोरला भाऊ, समोरून चालत होता. पहिल्यात तो दोनदा उमटला, विहिरीपाशी आणि कुंपणाशी. दुसऱ्यानं हलणारं सारं पुसलं. बाग सलग, सांधा कुठे दिसत नाही.

"हे छान आलंय," बायको म्हणाली, "पण भावजी कुठायत?"

यंत्राला तो कोण, हे ठाऊक नव्हतं. मला होतं, तरी त्याच्यावाचून बाग बघताना बरं वाटलं, हे आज कबूल करतो.

दादाला पहिलं चित्र पाठवलं. त्याचा फोन आला, "अरे, मी दोनदा? मग वाटेही दोन दे की!"

मीही हसलो. दुसरं चित्र अजून काढून टाकलेलं नाही.