मांजरपाटाची सुलट बाजू

चमत्कार म्हटलं की माझ्या कपाळाला आठ्या पडतात. आम्ही बौद्ध माणसं. कुणी येऊन कुणाचं काम करून गेलं असं सांगायला लागलं, की मी उठून चहा टाकायला जाते. म्हणून ही गोष्ट इतकी वर्षं घरातसुद्धा फारशी बोलले नाही. आता सांगते, घडली तशी.

विद्यापीठाच्या नावावरून मराठवाडा पेटला त्या साली सोनपेठच्या बाजूचं आमचं घर जळालं. अंगावरच्या कपड्यांनिशी आम्ही परभणीला आलो आणि विहाराच्या मागच्या गल्लीत मावशीच्या पडवीत राहिलो. मी सतरा वर्षांची, नववी पास. रात्रीच्या शाळेत दहावीला बसले आणि दिवसा शिवणाच्या वर्गात जायला लागले. आमच्यासारख्या गाव सुटलेल्या पोरापोरींसाठीच तो वर्ग काढला होता. गल्लीतल्या एक आक्का मला ‘शरणार्थी’ म्हणूनच हाक मारायच्या. बांगलादेशच्या लढाईच्या वेळी पोस्टाच्या तिकिटावर तो शब्द असायचा, तिथून त्यांनी उचललेला. मनात वाईट नसेल त्यांच्या, पण माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. आपल्याच जिल्ह्यात आपण कसले शरणार्थी?

त्या शब्दानं माझं एक नुकसान केलं. संध्याकाळी विहारात वंदना व्हायची आणि ‘बुद्धं सरणं गच्छामि’तलं ‘सरणं’ आलं की माझं तोंड मिटायचं. शरण जाऊन मिळालं काय? घर जळत होतं तेव्हा माय तेच तर म्हणत होती. मी मागच्या भिंतीला टेकून नुसते ओठ हलवायची.

त्यात बाच्या मनात दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या टोळीबरोबर जायचं होतं. तिथं एकट्या माणसाला काम नसतं, जोडीदार लागतोच. मायचा उजवा हात घर जळालं त्या दिवशी भाजलेला, म्हणजे जोडीला मीच. “तुझं हितं कायतरी बसलं तर ऱ्हाऊ,” बा म्हणाला, “न्हाईतर चल माझ्यासंगं. मी तरी काय करू, लेकी?” रागावून बोलला असता तर मी कडाकडा भांडले असते. पण तो गयावया करत होता. ऊसतोडीला गेले की शाळा संपली, हे त्यालाही कळत होतं.

आमचे शिवणाचे मास्तर म्हातारे मुसलमान टेलर होते. दखनी आणि मराठी त्यांच्या तोंडात एकत्रच नांदायच्या. पहिल्या दिवसापासून त्यांचा एकच धोशा. “कपडे का मुँह पहचानो! तोंड वळखल्याबिगर कैची लावायची न्हाई!” आम्ही छापील छिटाच्या तुकड्यांवर शिकलो. छिटाची एक बाजू उजळ, तेच त्याचं तोंड; दुसरी फिकी. त्यामुळं उलट-सुलट बघायची सवय हाडात भिनली होती. दसऱ्याला, म्हणजे आमच्या धम्मदीक्षेच्या सणाला, वसतिगृहातल्या पोरांना पांढरे सदरे द्यायचे ठरले. मास्तरांनी मांजरपाटाचा एक तुकडा माझ्या हातात ठेवला. “ये एक सदरा तू अकेली काट, अकेली सी. जमला तर बाकीचे बी तूच शिव, शिलाई मिळंल. मशीन तुझी.”

आणि मी काय केलं? कापड वाचवायच्या हुशारीत बाह्या दुहेरी घडीवर न कापता एकेक कापल्या. बाहीचा गोल पुढून खोल असतो, मागून कमी. माझ्या दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या निघाल्या. कापड संपलेलं. मास्तर नमाजाला गेले होते. सगळे तुकडे पिशवीत कोंबले आणि विहारात जाऊन बसले. वंदनेला नव्हे हो, रडायला दुसरी जागा नव्हती म्हणून.

आत एक म्हातारी बसली होती. पांढरं लुगडं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. जवळच्या झरी गावची होती. सून दवाखान्यात बाळंतपणात अडली होती, म्हणून ही इथं येऊन बसलेली.

“रडायलीस व्हय गं?” ती म्हणाली. “रड. म्या बी आत्ताच रडून घेतलं. आपल्या हातात हुतं तेवढं केलं, आता हितं बसायचं.”

माझ्या पिशवीतली एक बाही फरशीवर पडली होती, ती तिच्या हाताला लागली. तिनं ती मांडीवर घेतली, तळव्यानं सुरकुत्या काढल्या, आणि घडी घालता घालता थांबली.

“लेकी, ह्याची सुलट बाजू कंची गं? मला दिसंना गेलंय. उलटी घडी नगं पडाया.”

मी वैतागून म्हणाले, “ह्याला कसली आलीय सुलट बाजू, आजी! पांढरं मांजरपाट हाय ते. दोन्हीकडून सारखंच.”

बोलले आणि गपकन थांबले. तिच्या मांडीवरची बाही उचलून पालथी केली, दुसरीशेजारी ठेवली. एक डावी, एक उजवी. अगं बाई! मी रडता रडता हसायला लागले.

“काय झालं गं?”

“बाही झाली, आजी.”

“व्हय का? बरं झालं,” ती म्हणाली. तिला काही कळलं नव्हतं.

सदरा त्याच दिवशी पुरा केला. मास्तरांनी खांद्यावरून बोट फिरवलं. “बाही अच्छी बैठी.” मग मी खरं काय ते सांगितलं, तर पोट धरून हसले. “अगं पगली, मांजरपाटाला कुठं तोंड असतंय! छिटावर शिकवलं ना म्या, चूक माझीच.” मशीन मला मिळाली. बा टोळीला नाही म्हणून सांगून आला आणि धान्याच्या मोंढ्यात हमालीला लागला. पुढं मी दहावी झाले, त्याच वर्गात शिकवायलाही लागले.

म्हातारी पुन्हा भेटली नाही. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात विचारलं, पण झरीच्या बायका काय थोड्या असतात? तिच्या सुनेचं काय झालं हे मला आजही माहीत नाही, आणि त्याची रुखरुख आहे. स्वतःचा घोर बाजूला ठेवून ती माझ्या कापडाची घडी घालत होती. तिचे उपकार माझ्यावर आहेत. उत्तर माझ्याच तोंडात होतं म्हणा, पण ते बाहेर पडायला मला कुणाजवळ तरी जाऊन बसावं लागलं. शरण जाणं म्हणजे हरणं असं मी समजत होते, ते काही खरं नाही.

सदरा पुरा केला त्या संध्याकाळी ‘सरणं’ आलं तेव्हा माझा आवाज इतका मोठा निघाला की पुढं बसलेली माय वळून बघायला लागली. सकाळी नळावर आक्का भेटल्या. “काय गं शरणार्थी, लवकर उठलीस?”

“व्हय आक्का, हाय मी शरणार्थी,” मी म्हणाले. “काल सांजच्याला मोठ्यानं म्हणले की, ऐकलं न्हाई का?”